खणातली लाल पुरवणी

"सगळे जिवंत?"

एकतीस वर्षं ऑर्विल टॅन्सी वकील हाच प्रश्न विचारत आले होते, आणि एकतीस वर्षं लोरेटा हुडाक एकाच शब्दात उत्तर देत आली होती. "जिवंत." नवखा कुणी ऐकेल तर दचकेल. पण प्रश्न माणसांचा नव्हता, जुन्या निकालांचा होता. वकिलानं कोर्टात उभं राहून सांगायचं, अमक्या साली अमक्या खटल्यात असं ठरलंय, तेव्हा आताही तसंच ठरवा. आणि लोरेटासारख्या पॅरालीगल बाईनं, म्हणजे वकिलाच्या मदतनिसानं, आधीच बघून ठेवायचं, की ते ठरलेलं अजून ठरलेलंच आहे ना. मधल्या काळात वरच्या कोर्टानं ते मोडीत काढलं असेल आणि तरी आपण ते मिरवत गेलो, तर भर कोर्टात अब्रूचं खोबरं.

हे बघायचं कसं, तर त्यासाठी जाडजूड पुस्तकं असतात. त्यांत वाक्य म्हणून एक नाही, नुसते आकडे. निकालाचा खंड आणि पान शोधायचं, की त्याखाली पुढच्या कोर्टांनी त्याचं नाव कुठं कुठं घेतलं त्याची रांग. काही आकड्यांच्या अलीकडे एक बारीकसं अक्षर. एका अक्षराचा अर्थ, पुढच्या कोर्टानं हा निकाल मानला. दुसऱ्याचा, शंका काढली. आणि 'ओ' असेल तर संपलं, निकाल मेला. दर तीन महिन्यांनी या पुस्तकांची लाल पुरवणी टपालानं यायची. तिच्या मुखपृष्ठावर एक चौकट असायची: तुमच्या कपाटात अमुक खंड, अमुक पुरवणी असायला हवी. त्यातलं एक जरी कमी असेल तर केलेला शोध फुकट.

काम कंटाळवाणं होतं, उगाच गोड कशाला बोला. सत्तावन्न वर्षांच्या लोरेटाची मान त्या आकड्यांवर वाकून वाकून कायमची धरली होती. आताशा संध्याकाळी घरी गेल्यावर टेलिफोनची वहीसुद्धा उघडायला तिला नको वाटायचं. पण तिचा शब्द पक्का होता. मेरिटनच्या कोर्टात जुने वकील म्हणायचे, लोरेटानं जिवंत म्हटलं की तो निकाल नाडी न बघता घ्यावा.

आणि याच लोरेटाच्या टेबलाच्या खालच्या खणात, लिफाफ्यांच्या गठ्ठ्याखाली, तीन लाल पुरवण्या दडवलेल्या होत्या.

पहिली मार्चमध्ये आली होती. टॅन्सीसाहेबांची बायको अॅडेल गेली त्याच आठवड्यात. फुलं अजून सुकली नव्हती, ऑफिसच्या दारावर 'सोमवारी उघडेल' अशी पाटी होती, आणि लोरेटा एकटीच टपाल फोडत बसली होती. सवयीनं तिनं पुरवणी चाळली आणि एका आकड्यापाशी बोट थांबलं. 'हॅग्स्ट्रॉम विरुद्ध पाइक', १९५१. रांगेत शेवटी नवा आकडा, जानेवारीतला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. आणि त्याच्या अलीकडे 'ओ'.

अरे देवा! दुसरा कुठलाही निकाल मेला असता तरी चाललं असतं. हॅग्स्ट्रॉम म्हणजे टॅन्सीसाहेबांचा स्वतःचा खटला. चौतिसाव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. कायद्याच्या छापील पुस्तकात निकालाच्या डोक्यावर त्यांचं नाव होतं, आणि चाळीस वर्षं राज्यभरातले वकील त्या निकालाचा दाखला देत आले होते. साहेबांच्या खुर्चीमागं फोटो होता, शेतकरी हॅग्स्ट्रॉम आणि कोवळे टॅन्सी एका फाटकाला टेकून हसतायत. एरवी ताजे निकाल आल्या आल्या साहेब स्वतः वाचायचे. पण अॅडेलच्या आजारपणात ते गठ्ठे सुतळीसकट पडून राहिले, आणि नंतर मोतीबिंदूनं डोळे मंदावले. कोर्टातल्या बाकीच्या वकिलांना बातमी होती. पण बायको गेलेल्या म्हाताऱ्याला कोण सांगणार? जो तो दुसऱ्याकडं बघत राहिला.

लोरेटानं ठरवलं, एक आठवडा जाऊ दे, मग सांगू. तिनं पुरवणी खणात सारली. आठवड्याचा महिना झाला. जूनमध्ये दुसरी पुरवणी आली, तिच्यातही तोच 'ओ', तीही खणात गेली. सप्टेंबरमध्ये तिसरी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ऑफिसात येत होते घटस्फोट आणि मृत्युपत्रं. हॅग्स्ट्रॉमची गरज कुणालाच पडत नव्हती. बाकीच्या निकालांसाठी ती जेवणाच्या सुट्टीत खणातली पुरवणी काढून गुपचूप बघायची. कुणाचं काही बिघडत नाहीये, असं स्वतःला सांगायची आणि लिफाफ्यांचा गठ्ठा परत वर ठेवायची.

मग नोव्हेंबरातल्या एका सोमवारी बर्निस लॅपली आली.

बर्निस चर्चमध्ये लोरेटाच्या मागच्या बाकावर बसणारी. बुटांना घोट्यापर्यंत चिखल, डोक्याला ओला रुमाल. आली ती टेबलापाशी येऊन उभीच राहिली.

"अगं बस की," लोरेटा म्हणाली.

"बसले तर उठायची नाही बघ मी. टॅन्सीसाहेब आहेत का? त्या मेल्या डेनिंगनं आमच्या वाटेला साखळी घातली."

हकिगत अशी. लॅपलींचं घर रस्त्यापासून आत, मागच्या अंगाला. मागं ओढा, बाजूला रेल्वेचा उंच बांध. रस्त्यावर यायला एकच वाट, आणि ती पुढच्या शेतातून. सगळी हयात ते त्या वाटेनं आले-गेले, जुन्या मालकानं कधी हूं की चूं केलं नाही. आता शेत डेनिंग नावाच्या माणसानं घेतलं, आणि आठ दिवसांपूर्वी वाटेच्या तोंडाशी खांब रोवून साखळी लावली, कुलूप घातलं. बर्निसचा नवरा हॉबर्ट याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा दवाखान्याची गाडी येऊन त्याला रक्त शुद्ध करायला न्यायची. गाडी आता साखळीपाशी थांबते.

"चारशे पावलं, लोरेटा. मोजलीत मी. चाकाची खुर्ची चिखलात रुतते म्हणून पोराच्या बर्फावर खेळायच्या जुन्या घसरगाडीवर बसवून ओढत नेते मी त्याला. शनिवारी मध्येच म्हणाला, बर्निस, सोड मला इथंच. नवऱ्यानं असं म्हणावं का गं बायकोला?" आणि इतका वेळ ताठ उभी असलेली ती बाई मटकन खाली बसली.

टॅन्सीसाहेब दारात येऊन ऐकत होते. लोरेटानं वर पाहिलं. साहेबांचा चेहरा उजळला होता. अॅडेल गेल्यापासून पहिल्यांदा.

"एकवीस वर्षांच्या वर वहिवाट, आणि पुढचा मालक गप्प?" ते म्हणाले. "बर्निसबाई, अहो हा तर माझा हॅग्स्ट्रॉम आहे! डोळ्यांदेखत एकवीस वर्षं जो गप्प बसला त्याला नंतर म्हणता येत नाही, की मी मेहेरबानी म्हणून जाऊ देत होतो. चाळीस वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय मी तुमच्यासाठी. पुसा डोळे."

जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं नेमकं हेच उलटं केलं होतं. गप्प बसणं म्हणजे परवानगीच धरायची, आणि परवानगी नव्हती हे जाणाऱ्या-येणाऱ्यानं सिद्ध करायचं. आणि जुना मालक तर मरून गेलेला. हॅग्स्ट्रॉमच्या भरवशावर गेलं की बर्निस हरणार, हॉबर्ट घसरगाडीवरच राहणार, आणि पुढं बर्फ पडणार. हे सगळं त्या खोलीत एकट्या लोरेटाला माहीत होतं. ती उठली आणि बर्निससाठी कॉफी ओतायला लागली. अर्धी बशीत सांडली.

साखळी तूर्तास काढण्याच्या अर्जावर सुनावणी शुक्रवारी सकाळी लागली. लेखी युक्तिवाद गुरुवारी चारच्या आत द्यायचा. मंगळवारी साहेबांनी तो सांगितला आणि लोरेटानं उतरवून घेतला. येरझाऱ्या घालत, हात उडवत, तरण्याबांड गड्यानं बोलावं तसे ते बोलत होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हॅग्स्ट्रॉमच.

"झालं," शेवटी ते खुर्चीत टेकत म्हणाले. "बघून घे. सगळे जिवंत असतीलच."

"बघते," लोरेटा म्हणाली.

त्या रोजच्या शब्दाऐवजी दुसरा शब्द आला, पण त्यांच्या लक्षात आलं नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आठ महिन्यांनी पहिल्यांदाच त्या माणसानं टायची गाठ नीट बांधली होती. नाही झाली हिंमत. तिनं मनाशी हिशेब मांडला: आपण दुसरी वाट शोधू. चांगली, पक्की, जिवंत. ती सापडली की हॅग्स्ट्रॉम आपोआप बाजूला पडेल, आणि म्हाताऱ्याला काही कळायलाच नको. थकलेल्या माणसाला असले हिशेब फार पटकन पटतात.

बुधवारी दाताचं निमित्त सांगून ती काउंटीच्या कायदा ग्रंथालयात जाऊन बसली. थंडगार खोली, धुरकट खिडक्या. पहिल्या तासात तिनं विषयवार सूचीतला 'वाटा आणि हक्क' हा भाग काढला आणि एकेक सारांश वाचत गेली. सारांश नुसता वाचायचा, त्यावर विसंबायचं नाही. तो छापणाऱ्यानं लिहिलेला असतो, कोर्टानं नव्हे. मागं एकदा एका नव्या टायपिस्टनं सारांशातलंच वाक्य न्यायमूर्तींचं म्हणून टाइप केलं होतं, आणि टॅन्सीसाहेबांना जज्जाची माफी मागावी लागली होती. तेव्हापासून लोरेटा मूळ निकाल उघडून, बोट ठेवून, शब्द आणि पान दोन्ही बघितल्याशिवाय पुढं जात नसे.

दहाएक निकाल कामाचे निघाले नाहीत. एक छान होता, पण नीट वाचल्यावर कळलं की आवडलेलं वाक्य विरुद्ध मत दिलेल्या न्यायमूर्तीचं आहे. तिनं चष्मा काढला आणि दोन्ही डोळे तळव्यांनी दाबून धरले. घरी जाऊन पडावं, असं फार वाटलं. मग डोळ्यापुढं ती घसरगाडी आली, आणि तिनं पुढचा खंड ओढला.

बाराच्या सुमाराला तो सापडला. १९२८ चा, विस्मरणात गेलेला, पण सर्वोच्च न्यायालयाचा. एका मालकानं आपलीच जमीन तोडून मागचा तुकडा दुसऱ्याला दिला, आणि त्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच नसेल, तर वाटेचा हक्क जमिनीबरोबरच दिला असं कायदा धरतो. कुणी परवानगी दिली की नाही, कोण किती वर्षं गप्प बसलं, प्रश्नच नाही. लोरेटानं मागोव्याची ती आकड्यांची जाडजूड पुस्तकं काढली. मुखपृष्ठावरची चौकट वाचली, चौकटीतला प्रत्येक खंड कपाटात आहे याची खात्री केली, मग रांग बघितली. चौदा दाखले. मानला, मानला, मानला. 'ओ' कुठंही नाही.

"जिवंत," ती मोठ्यांदा म्हणाली. पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून बघितलं.

पण निकाल असून भागत नाही. दोन्ही जमिनी कधीकाळी एकाच मालकाच्या होत्या हे दाखवायला हवं. ती तशीच उपाशीपोटी खालच्या मजल्यावर नोंदणी कार्यालयात गेली. खरेदीखतांचे खंड एवढे जड, की एकेक उचलताना कंबरेत कळ यायची. डेनिंगपासून मागं, मागून आणखी मागं. साडेचारला, कारकून दिवे घालवायला उठला तेव्हा, १९२६ च्या खंडात एलम स्टर्जिस नावाचा मालक सापडला. दोन मुली. रस्त्याकडचं शेत थोरलीला, ओढ्याकडचा तुकडा धाकटीला, एकाच दिवशी. आणि धाकटीकडून पुढं लॅपली. लोरेटाला रडू आलं. आनंदानं की भुकेनं, तिचं तिलाच कळेना.

गुरुवारी सकाळी तिनं सगळा युक्तिवाद नव्यानं टाइप केला. स्टर्जिसच्या मुली, ओढा, बांध, १९२८ चा निकाल. प्रत्येक दाखल्याला खंड, निकाल सुरू होतो ते पान, वाक्य आहे ते पान, साल. अकरा दाखले. त्यांत हॅग्स्ट्रॉम नव्हता. दुपारी एक वाजता तिनं तो साहेबांपुढं ठेवला आणि उभी राहिली.

साहेब भिंग घेऊन वाचू लागले. दुसऱ्या पानावर त्यांनी भुवया उंचावल्या. तिसऱ्यावर टेबलावर थाप मारली. "स्टर्जिस! लोरेटा, अगं हे तू काल खणून काढलंस? दात-बित काही दुखत नव्हता तर तुझा!" आणि पान उलटलं. आणखी एक उलटलं. परत पहिल्या पानावर आले.

"माझा हॅग्स्ट्रॉम कुठाय?"

"हे जास्त पक्कं आहे, मिस्टर टॅन्सी."

"असू दे की. दोन्ही घालू. एका पायावर कशाला उभं राहायचं?"

"पानं फार होतील."

"होऊ देत. चार वाजायला अवकाश आहे." ते हसत होते. मग हसू हळूहळू मावळलं. म्हातारा झाला तरी वकील होता तो. उलटतपासणीत साक्षीदार अडखळला की कळतं त्याला.

"लोरेटा. हॅग्स्ट्रॉम जिवंत आहे ना?"

एक शब्द तर बोलायचा होता. एकतीस वर्षं तोंडात बसलेला. लोरेटाच्या ओठांपर्यंत तो आलाही, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. ती आपल्या टेबलाकडं गेली, लिफाफ्यांचा गठ्ठा काढला आणि तिन्ही लाल पुरवण्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या.

साहेबांनी आधी मुखपृष्ठं वाचली. चौकट वाचली. बोट फिरवत ते आकड्यापर्यंत गेले, भिंग धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"कधी आली ही?"

"मार्चमध्ये."

"अॅडेलच्या..."

"त्याच आठवड्यात. मला वाटलं, नंतर सांगू. मग नंतर... चुकलं माझं, मिस्टर टॅन्सी. तुम्हाला बघवत नव्हतं हो मला."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "निकाल मरतात गं," ते म्हणाले. "माणसं मरतात, तर निकालाचं काय घेऊन बसलीस! ते मी सोसलं असतं. पण उद्या मी कोर्टात उभा राहिलो असतो हा मेलेला घेऊन, आणि ती बाई..." मग ते थांबले. पुढचं वाक्य हळू आलं. "आणि बाकीचे? या आठ महिन्यांत तू जिवंत म्हणालीस ते बाकीचे?"

"ते सगळे बघितलेत. एकूण एक. खणातली पुरवणी काढून बघत होते मी."

"कशावरून?"

एकतीस वर्षं लोरेटाचा शब्दच पुरावा होता. आता तिच्यापाशी दाखवायला दुसरं काही नव्हतंच.

साहेबांनी घड्याळ बघितलं. दोन वाजले होते. "आज या अकरांकडं बघायला माझे डोळे पुरायचे नाहीत," ते म्हणाले. "आज तुझ्या शब्दावर सही करतो. दुसरा इलाज नाही. बस, एक परिच्छेद घाल."

लोरेटा मशीनपाशी बसली. ते खिडकीकडं तोंड करून सांगत गेले. "'हॅग्स्ट्रॉम विरुद्ध पाइक या निकालावर अर्जदार बाई विसंबत नाहीत. सदर निकाल या वर्षी जानेवारीत रद्द ठरला आहे.' पुढं नव्या निकालाचा दाखला घाल. पान बरोबर घाल. 'त्या खटल्यात खाली सही करणारा हाच वकील होता, आणि न्यायालयाचा गैरसमज राहू नये म्हणून तो ही गोष्ट स्वतःहून नमूद करत आहे.' घातलंस?"

"घातलं."

"वाच."

तिनं वाचलं. मग कागद मशीनमधून काढून त्यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आठ मिनिटं कमी चारला लोरेटानं कोर्टाच्या खिडकीत कागद दिले.

शुक्रवारी डेनिंगचा वकील आला तो शहरातून. यॉडर नावाचा तरुण, चकचकीत बुटांचा. मेरिटनमध्ये वाटेचा खटला आणि टॅन्सी वकील म्हटल्यावर हॅग्स्ट्रॉम येणारच हे त्यानं ताडलं होतं, आणि जानेवारीच्या निकालाच्या प्रती जज्जबाईंना द्यायला हातात धरूनच तो उभा राहिला. टॅन्सींचा युक्तिवाद त्यानं उघडूनही बघितला नव्हता.

"कदाचित माझ्या ज्येष्ठ मित्रांच्या कानावर नसेल," तो गोड आवाजात म्हणाला, "पण त्यांचा तो प्रसिद्ध निकाल आता..."

"मिस्टर यॉडर," जज्जबाई म्हणाल्या, "पान सहा वाचा. त्यांनी कालच सांगितलंय."

यॉडरनं पान सहा काढलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. "मग... अर्जाला आधार काय?"

"पान एक ते पाच," जज्जबाई म्हणाल्या. लोरेटाच्या शेजारी बसलेल्या बर्निसनं तोंडावर हात दाबून हसू आवरलं.

स्टर्जिसच्या मुलींबद्दल यॉडरकडं एक अक्षर नव्हतं. अकरा वाजायच्या आत हुकूम झाला: खटला निकाली निघेपर्यंत साखळी काढायची, आजच्या आज. बाहेर जिन्यावर बर्निसनं टॅन्सीसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार कसे फेडू, साहेब?"

"माझे नाहीत," साहेब म्हणाले. "हिनं शोधलं." आणि लोरेटाकडं न बघता जिना उतरायला लागले.

शनिवारी दवाखान्याची गाडी थेट लॅपलींच्या ओसरीपर्यंत गेली. रविवारी चर्चमध्ये बर्निसनं लोरेटाला कडकडून मिठी मारली आणि सफरचंदं भरून भाजलेला अख्खा 'ॲपल पाय' हातात दिला. "हॉबर्ट म्हणतो, खिडकीत बसून गेलो, राजासारखा! तुझ्यामुळं गं बाई." लोरेटा हसली. तो घरी नेला, सुरी घेतली, आणि कापायचं राहूनच गेलं. आपल्यामुळं काय काय झालं असतं, ते तिच्या डोक्यातून जाईना.

सोमवारी ती नेहमीसारखी आठला आली. तिन्ही लाल पुरवण्या खंडांशेजारी कपाटात उभ्या होत्या, साहेबांनी स्वतः लावलेल्या. ताज्या निकालांच्या गठ्ठ्याची सुतळी कापलेली होती. खुर्चीमागचा फोटो होता तिथंच होता. नऊला साहेब आले. मान हलवून आत गेले. दहाला दुसऱ्या एका प्रकरणाची दाखल्यांची यादी घेऊन लोरेटा त्यांच्या दारात गेली. नऊ दाखले. ती नेहमीच्या जागी उभी राहिली आणि प्रश्नाची वाट बघू लागली.

प्रश्न आला नाही. साहेबांनी नुसता हात पुढं केला.

लोरेटाला कळलं. तिनं यादी दिली, मग परत जाऊन खंड आणले, पुरवण्या आणल्या, त्यांच्यापुढं मांडल्या आणि भिंग दिव्याखाली ठेवलं. साहेबांनी मुखपृष्ठावरची चौकट वाचली आणि एकेका खंडावर बोट टेकवून मोजलं. मग पहिला दाखला. बोट आकड्यांवरून गोगलगाईसारखं सरकत होतं. अक्षर नीट दिसलं नाही की ते भिंग मागंपुढं करायचे, डोळे पुसायचे, परत बघायचे. दुसरा. तिसरा. लोरेटा उभी होती. बस असं त्यांनी म्हटलं नाही, आणि तीही बसली नाही. तिला वाटलं, चार वेळा थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि हेही वाटलं, की बरोबर आहे. असंच बघायला हवं.

चौथ्याला पाऊण तास लोटला होता. पाचवा संपेपर्यंत साहेबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, खुर्चीला मान टेकली आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं तसेच डोळे मिटून त्यांनी पायानं समोरची खुर्ची तिच्याकडं सरकवली.

"उरलेले चार तू वाच," ते म्हणाले. "मोठ्यांदा. अक्षरांसकट."

लोरेटा बसली. तिनं पुस्तक स्वतःकडं फिरवलं, चष्मा पुसला, आकड्याखाली बोट ठेवलं आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली.